वत्सलाच्या वाट्याचा सगुण

मोरजीहून कोणी श्रीनाथ शेटगांवकर येणार आहे हे वत्सलाला आदल्या संध्याकाळी कळलं, आणि तेव्हापासूनच तिचं बिनसलं. आता कुणी म्हणेल, नवऱ्याच्या वर्षसराधाला नवऱ्याचा दोस्त येतो म्हटल्यावर बाईने बरं मानावं, दोन वडे जास्त तळावेत. खरं आहे. पण दोस्त कसला? एकोणचाळीस वर्षं संसार केला, त्यात ज्याचं नाव एकदाही घरात निघालं नाही, असा दोस्त? तिच्या मुलाने, गौरेशने, बापाचा मोबाइल कपाटातून काढून चार्जिंगला लावला होता. त्यात ‘श्रीनाथ मोरजी’ असा नंबर सापडला, आणि याने आपला लावला फोन. गेल्या वर्षी सगुण गेला तेव्हा हा श्रीनाथ पुण्याला मुलीकडे हृदयाचं ऑपरेशन करून पडून होता. बातमी कळेपर्यंत तेरावाही उरकला होता, आणि ज्या घरात कधी पाऊल टाकलं नाही तिथे आपणहून कसं जायचं म्हणून तो वर्षभर गप्प राहिला. गौरेशचा फोन आला तसा तो फोनवरच रडला म्हणे.

“रडलो?” वत्सलाने विचारलं.

“पोरासारखो, आई.”

वत्सलाला ते मुळीच आवडलं नाही. नवरा तिचा, वर्ष तिचं, आणि कोण कुठला मोरजीकर तिच्याआधी रडून मोकळा होतो! पण पोराला काय बोलणार? तिने चण्याची डाळ भिजत घातली आणि उद्याला कोण कोण जेवायला आहे याची मोजदाद परत पहिल्यापासून केली.

सगुण परबाचं नाव मुळगावात कुणालाही विचारा. अठराव्या वर्षी नेव्हीत गेला, अठ्ठावीस वर्षं बोटींच्या पोटात इंजिनांच्या धगीत काढली, चीफ पेटी ऑफिसर होऊन घरी आला. मग डिचोलीच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये दहा वर्षं. खाणी बंद पडल्या तेव्हा कपाळाला हात लावून बसला नाही, कुळागरात उतरला, सुपारी आणि केळी करू लागला. गावात कुणाचा पंप बंद पडला की सगुण. देवळातला जनरेटर कुरकुरला की सगुण. घरात तर विचारूच नका. चादरीची घडी घालील तर कडेला कड, शर्टाला इस्त्री स्वतःची स्वतः. मुलगी सुप्रिया म्हापशाला कॉलेजात जायची तेव्हा संध्याकाळच्या बसला हा माणूस रोज तिठ्यावर उभा. पाऊस असो, ताप असो, छत्री घेऊन उभा. ती लग्न होऊन साखळीला गेली तर तिच्या घरचा नळ गळतो कळल्याबरोबर पाना पिशवीत टाकून हा निघाला. असा नवरा, असा बाप दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, हे गावच्या बायका वत्सलाला तोंडावर सांगत.

फक्त बोलायचा नाही. अगदीच मुका होता असं नाही. मीठ दे, छत्री खंय, सुपारी सुकली काय, एवढं बोलायचा. त्याच्यापुढे काही नाही. लग्नानंतरची सतरा वर्षं तो बोटीवर होता, वर्षाला साठ दिवस घरी यायचा. वत्सला पेडण्याची, माहेरी सात भावंडांच्या कलकलाटात वाढलेली. पहिल्या रजेत तिने विचारून विचारून त्याला भंडावून सोडलं होतं. समुद्र कसा असतो, जेवायला काय देतात, भीती नाही वाटत? तो म्हणायचा, “बरा असता.” संपलं. नंतर तो कायमचा घरी आला, तरी तेच. सुरुवातीला ती रडली, मग चिडली, मग तिने मनाशी एक समजूत घालून घेतली. हा माणूस कुणाशीच बोलत नाही. भावाशी नाही, मुलांशी नाही, देवाशीसुद्धा नाही. मग माझ्याशी बोलत नाही त्यात माझा अपमान कसला? उलट कुणाशीच न बोलणाऱ्या माणसाचं सगळं न बोलता ओळखणारी मी एकटी. एवढ्या एका गोष्टीवर तिने संसार रेटला होता, आणि एवढ्याच एका गोष्टीवर गेलं वर्षही काढलं होतं. सगुण कसा होता हे सांगायचं झालं तर वत्सलाने सांगावं, हे सगळ्यांना मान्य होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

श्रीनाथ नऊ वाजताच येऊन थडकला. मोटारसायकल फाटकाबाहेर लावली, चपला बाहेरच काढल्या आणि अनवाणी अंगण ओलांडून आला. सडसडीत, सत्तरीकडे झुकलेला, मिशी पांढरी, डोळे मात्र हसरे. बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, सगुणचा फोटो लावला होता त्याच्यापुढे तो उभा राहिला, आणि काय केलं असेल? हात जोडले नाहीत. पाय जुळवून खाड्कन सलाम ठोकला. गौरेशच्या डोळ्यांत पाणी आलं. सुप्रिया आतून धावत आली. वत्सला स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. वर्षभर ती रोज त्या फोटोला हार घालत आली होती. ते बघून कधी कुणाच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं.

भटजी यायला वेळ होता. मग काय, मुलांनी श्रीनाथला मधोमध बसवलं आणि त्याचं तोंड सुरू झालं. दोघे एकाच वर्षी भरती झालेले, एकाच इंजिन रूममध्ये तेल प्यायलेले. मधली पाच-सहा वर्षं सोडली तर बदल्याही एकत्रच झाल्या. “अरे, तुझो बापूस म्हणजे नमुनो होतो,” असं गौरेशच्या पाठीवर थाप मारून त्याने सांगायला घेतलं. वत्सला आत नारळ खवत होती, पण नारळ कसला खवते, कान सगळे बाहेर. सगुण म्हणे मेसमध्ये सगळ्यांच्या नकला करायचा. कॅप्टन जिना उतरताना पोट कसं सांभाळतो, हे तो करून दाखवायचा तेव्हा एक पंजाबी हसून हसून बाकावरून खाली पडला होता. विशाखापट्टणमला गणपतीत गोव्याच्या आणि मालवणच्या पोरांनी दशावतार केला, त्यात बाईचं काम कुणी केलं? सगुणने. एका ऑफिसरच्या बायकोची हिरवी साडी नेसून, डोक्याला गजरा लावून असा काही लचकत आला की ती ऑफिसरची बायकोच विचारू लागली, ही कोण? आणि गायला तर असा गळा, की तोच प्रवेश परत घ्यायला लावला.

“बाबा गायचे?” सुप्रियाला खरंच वाटेना. ती हसतही होती, रडतही होती. गौरेशने आणखी सांगा, आणखी सांगा असा धोशा लावला. बाजूच्या घरातून रंजना आली होती, सगुणच्या धाकट्या भावाची बायको. तीही पदर तोंडाला लावून हसत होती. आत वत्सलाच्या हातातलं खवणं थांबलं. साडी? गाणं? या घरात आरतीलासुद्धा ज्याचा आवाज फुटला नाही तो गाणं म्हणत होता? म्हणजे बोलता येत होतं की माणसाला! गाता येत होतं, नाचता येत होतं, लोकांना हसवता येत होतं. फक्त घराचा उंबरठा ओलांडला की वाचा बसत होती. तिला एकदम वाटलं की आपल्याला उष्टं वाढलं गेलंय. सगळं चांगलंचुंगलं बोटीवर सांडून, उरलेला सगुण तेवढा घरी येत होता, आणि आपण मेलं त्यालाच पूर्ण पान समजून बसलो.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बरं, रागवायचं कुणावर? गेलेल्या माणसावर त्याच्याच सराधाच्या दिवशी रागवता येत नाही. मग राहिला तो बाल्कांवात बसलेला. तिने चहा पाठवला तो मुद्दाम साखर कमी घालून. त्याने तो पिऊन, झकास झालाय म्हणून निरोप पाठवला. असल्या माणसाचं करायचं तरी काय?

वर्षसराधाचं एक असतं. भात, वरण, अळू, वडे, खीर हे ठरलेलं असतंच, पण गेलेल्या माणसाच्या जिवाला आवडणारा एक जिन्नस पानात लागतो. तो बायको जिवंत असेल तर तिने स्वतः करायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. वत्सलाने कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं. सगुणला मणगणं आवडतं हे जगजाहीर होतं. डाळ, साबुदाणे, गूळ आणि नारळाचा दाट रस. लग्न होऊन घरात आल्यावर तिने केलेला पहिला गोड पदार्थ तोच, आणि तेव्हा सगुणने तीन वेळा मागून घेतला होता. सासूने सगळ्या वाड्यावर सांगितलं होतं. त्यानंतर एकोणचाळीस वर्षं, प्रत्येक रजेच्या पहिल्या दिवशी, प्रत्येक वाढदिवसाला, पहिली पेन्शन आली तेव्हा, हॉस्पिटलातून घरी आणला तेव्हा, मणगणं. तो मान खाली घालून वाटी साफ करायचा. न बोलणाऱ्या माणसाची आवड ओळखली होती ना तिने! ते पातेलं आता चुलीवर रटरटत होतं आणि तिला त्याचा मोठा आधार वाटत होता. सांग म्हणावं तुझे दशावतार. हे तुला ठाऊक आहे का?

वास बाहेर गेला असावा. श्रीनाथने विचारलं, काय शिजतंय? रंजनाने कौतुकाने सांगितलं की भावोजींच्या आवडीचं मणगणं, आमच्या वयनीच्या हातचं.

आणि तो माणूस हसला. मोठ्याने, मांडीवर थाप मारून हसला.

“मणगणां? सगुण मणगण्याक हात जोडी होतो गो! बोट मुंबयक लागली की म्हणी, चल श्रीनाथा, आता घराक जावचा आणि मणगणा खावचा. पयल्या दिवशी म्हणे नवी बायल पुढ्यात उभी, आवस बाजूक बसलली, नको कसा म्हणू? म्हणान तीनदा घेतल्यान. तेची शिक्षा जन्मभर!”

बाहेर कुणी हसलं नाही. गौरेश खाकरला. रंजनाने स्वयंपाकघराकडे बघितलं. तेव्हा कुठे त्या बाबाच्या डोक्यात उजेड पडला. मग तो सावरायला गेला, की तसं नव्हे, तो म्हणायचा की बायकोने एवढं मन लावून केलेलं असतं, तिला कळता कामा नये, म्हणून मी वाटी पुसून खातो. हे तर जखमेवर मीठ झालं.

वत्सला चुलीपुढे उभी होती. डावल पातेल्यात फिरत होता, कारण हात आपला फिरवत होता. तिला वाईट कशाचं वाटलं म्हणाल? नावडत्या मणगण्याचं नव्हे. माणसाची आवडनिवड असते, चुकतं एखाद्या वेळी. पण आवडत नाही हे त्याने दोस्ताला सांगितलं. मला नाही, त्याला! चार शब्द होते. वत्सला, माका ह्या नको. मी काय जीव दिला असता? दुसरं काही केलं असतं. शेवयांची खीर केली असती. पण नाही, बायकोपुढे वाटी पुसायची आणि दोस्तापुढे मन मोकळं करायचं. म्हणजे कुणाशीच न बोलणारा हा माणूस नव्हताच. तो बोलणारा माणूस होता. तो फक्त तिच्याशी बोलत नव्हता.

बारा वाजता पिंडदान झालं. पान वाढायची वेळ आली तशी रंजना हळूच आत येऊन म्हणाली, की वयनी, पटकन थोडी खीरच जास्त वाढू या का त्याच्या जागी? वत्सलाने तिच्याकडे असं बघितलं की ती आल्या पावली मागे फिरली. मग वत्सलाने डावलभर मणगणं घेतलं आणि पानाच्या मधोमध, भाताच्या शेजारी ओतलं. मनात म्हणाली, खा. एकोणचाळीस वर्षं खाल्लंत, आजपण खा. परसातल्या दगडी गडग्यावर पान ठेवलं. मुळगावच्या कावळ्यांना मानपान लागत नाही. एक आला, वडा उचलून माडावर जाऊन बसला. दुसरा आला, त्यानेही वडाच नेला. श्रीनाथ मान खाली घालून उभा होता. त्याच्या मिशीखाली हसू आहे अशी वत्सलाची खात्री झाली. नसेलही, पण तिची खात्री झाली.

जेवणं झाली. भटजी गेले, वाड्यावरची माणसं पांगली, घरचे तेवढे बाल्कांवात टेकले. वत्सलाने ठरवलं होतं की बाहेर जायचंच नाही, पण सुप्रिया हाताला धरून घेऊन आली आणि तिला खुर्चीवर बसवलं. गौरेश बोलता बोलता म्हणाला, की काका, बोट सुटून वीस-बावीस वर्षं झाली, मग बाबांची तुमची भेट झालीच नसेल. श्रीनाथला प्रश्नच कळला नाही.

“झालीच नाय कशी? दर शुक्रवारी की.”

कुठला शुक्रवार? तर म्हापशाच्या बाजाराचा. खाणी बंद पडल्यापासून सगुण दर शुक्रवारी स्कूटर घेऊन म्हापशाला जायचा. बँकेचं काम, बाजार, असं सांगून जायचा. दहाला निघायचा, दीडपर्यंत परत. तिकडून हा श्रीनाथ यायचा, आणि केळ्यांच्या ओळीमागच्या एका हॉटेलात दोघे दोन-दोन तास बसायचे. भजी-पाव आणि चहा. बारा वर्षं. एक शुक्रवार चुकवला नाही, महामारीत बाजार बंद होता तेवढा सोडून. तेव्हा फोनवर बोलायचे. वत्सलाला आठवलं, शुक्रवारी त्याला दुपारी भूक नसायची. ती म्हणायची उन्हाचा त्रास होतो, आणि कोकमाचं सरबत करून ठेवायची. घ्या! माणूस भजी खाऊन येत होता, आणि ही कोकमं पिळत होती.

काय बोलायचा बाबा एवढं, हे सुप्रियाने विचारलं. सगळंच, म्हणे. गौरेशला नोकरी लागत नव्हती तेव्हा सगुणला झोप येत नसे. सुप्रियाच्या लग्नात हा मांडवामागे जाऊन रडून आला होता. वत्सला त्या दिवशी त्याच्यावर खेकसली होती, पाहुणे आलेत आणि तुम्ही जनरेटर काय बघत बसलात म्हणून. त्याने निमूट ऐकून घेतलं होतं. आता सुप्रिया हमसून हमसून रडू लागली आणि श्रीनाथने तिच्या डोक्यावर हात ठेवला. वत्सला बघत राहिली. तिच्या नवऱ्याचं रडणं याच्या खिशात, तिच्या पोरांची काळजी याच्या खिशात. आणि आता तो ते तिच्याच मुलांना असं वाटत होता, जसा कुणी मामा दूरगावाहून खाऊ घेऊन यावा. सहाशे शुक्रवार होतात बारा वर्षांचे. सहाशे! एका वर्षाची सगळी रजा साठ दिवसांची असायची, त्यातही निम्मा वेळ तो छपरावर कौलं परतत असायचा.

“पण साडेबारा झाले की उठलोच,” श्रीनाथ सांगत होता. कितीही रंगात आलेली गोष्ट असो, सगुण उठायचा. वत्सलाला अबोलीची फाती, म्हणजे गजरा, घ्यायची आहे म्हणायचा. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या एका म्हातारीकडूनच घ्यायचा, तिची वीण दाट असायची म्हणून.

सगळ्यांनी वत्सलाकडे पाहिलं. रंजनाने तर तिचा दंड हलकेच दाबला, बघ, किती जीव होता, अशा अर्थाने. आणि वत्सलाच्या तर तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे ती फाती दंड होता! दोन तास मन कुणा दुसऱ्याकडे सांडून यायचं आणि बायकोच्या केसांत फुलं माळून मोकळं व्हायचं. बारा वर्षं ती ती फुलं शनिवारी सुकेपर्यंत डोक्यात ठेवत होती. ती उठली आणि भांडी घासायचं निमित्त काढून आत गेली.

चार वाजले असतील. ती मागच्या दारी ताटं विसळत बसली होती, तर श्रीनाथ निरोप घ्यायला तिथे आला. जातो म्हणाला, आणि जाईना. हातातलं हेल्मेट या हातातून त्या हातात करू लागला. सकाळचा तो बडबड्या माणूस कुठे गेला कोण जाणे. मणगण्याबद्दल माफी मागायला आलाय असं तिला वाटलं, आणि ती काही केल्या द्यायची नाही हे तिने ठरवून टाकलं.

“वयनी, एक इचारू?” तो म्हणाला. “घरात माझा नाव काढी होतो काय सगुण? कधी?”

वत्सलाचा हात थांबला. तिने वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिला लगेच कळलं, हा माणूस मोरजीहून एवढ्यासाठीच आलाय. सकाळपासून त्याने गोष्टी सांगितल्या त्या या एका प्रश्नाची हिंमत होईपर्यंत. पन्नास वर्षांची दोस्ती, आणि त्या दोस्ताने आपल्याला घरी एकदाही बोलावलं नाही हे त्यालाही सलत असणार. आता तिच्या हातात सुरी होती. नाही, म्हणायचं. एकदाही नाही. तुमचं नाव काल संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं. खरंच तर होतं ते, तिला खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. दिवसभराचं सगळं एका शब्दात फिटलं असतं.

तिने तोंड उघडलं आणि तिथेच तिला दिसलं, की हे बोललं तर त्याचा अर्थ काय होईल. नवऱ्याने अर्धं आयुष्य बायकोला सांगितलंच नाही, हे आपल्याच तोंडाने याला सांगितल्यासारखं होईल. हा आता मोटारसायकलवर बसेल आणि मोरजीपर्यंत म्हणत जाईल, बिचारी. तिला काहीच ठाऊक नव्हतं. आणि ते वत्सलाला मेली तरी चाललं नसतं.

“काढी होते तर,” ती म्हणाली.

“खरा?” तो एक पायरी खाली उतरला. “काय म्हणी?”

आता आली का पंचाईत! काय म्हणायचे? नकला, साडी, गाणं, यातलं काही सांगावं तर ते त्यानेच सकाळी सांगितलेलं. वेळ जात होता आणि तो डोळे लावून उभा होता. तिने मनात सगळीकडे हात घातला. सगुणच्या तोंडचं म्हणावं असं तिच्यापाशी मीठ आणि छत्री यांच्यापलीकडे काही नव्हतंच.

एक सोडून. ते वाक्य तिने कुणाला सांगितलं नव्हतं, मुलांनाही नाही. सासू दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं हगणं-मुतणं, भरवणं, रात्री उठवून बसवणं, सगळं वत्सलाने काढलं, दोन लहान मुलं घेऊन. सासू गेली तेव्हा सगुणची बोट कुठल्या तरी समुद्रात होती. तो नवव्या दिवशी पोचला. दहाव्याचं करून, डोकं भादरून तो न्हाणीच्या दाराशी बसला होता, आणि ती त्याला पाणी आणून देत होती. तेव्हा तिच्याकडे न बघता तो म्हणाला होता, तू होतंस म्हणान मी तरलंय. बस्स. परत कधी तसं काही बोलला नाही. पण त्या एका वाक्याला तीस वर्षं होत आली, तरी वत्सला वाईट दिवशी ते मनात उघडून बघत असे. आज सकाळपासूनही तिने ते दोनदा उघडून बघितलं होतं.

“म्हणी होते,” तिने खाली ताटाकडे बघत म्हटलं, “श्रीनाथ होतो म्हणान मी तरलंय.”

श्रीनाथ तिथेच पायरीवर बसला आणि हेल्मेट मांडीवर घेऊन रडू लागला. आवाज न करता, मिशी भिजेपर्यंत. वत्सला त्याच्या पांढऱ्या डोक्याकडे बघत उभी राहिली. परत घेता येतं का असलं काही? नाही, आमचं चुकलं, ते तुमच्यासाठी नव्हतं, असं म्हणून? बऱ्याच वेळाने तो उठला, डोळे पुसले.

“माका तोंडार कधी बोललो नाय,” तो म्हणाला. “पन्नास वर्षांत नाय. तुमच्याकडे मन मोकळा करी होतो तर. नशीबवान तुमी, वयनी.”

आणि खाली वाकून त्याने तिच्या ओल्या पायांना हात लावला, वयाने मोठा असून. ती मागे सरकली, पण तोवर लावून झाला होता.

मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज तिने मागच्या दारातूनच ऐकला. फाटकापाशी मुलांशी काही बोलणं चाललं होतं, ते बराच वेळ चाललं. मग गाडी गेली. वत्सलाने उरलेली ताटं विसळली आणि एकावर एक पालथी घातली. सुप्रिया आतून आली तेव्हा तिचे डोळे परत भरलेले होते. ती आईच्या जवळ, पायरीवर तो बसला होता तिथेच बसली.

“काका आत्ता सांगी होते, आई. बाबा असा म्हणी होते तेंच्याबद्दल? किती मोठा बोलले गो बाबा!” तिने आईच्या पदराला हात पुसले. “आणि तुका? तुका काय म्हणी होते?”

वत्सलाने शेवटचं ताट उचललं, ते स्वच्छच होतं, तरी परत पाण्यात बुडवलं.

“माका?” ती म्हणाली. “घरच्या माणसाक कोण काय सांगता?”